पुष्पाक्काच्या ओसरीवरचा पट्टा

“आधी वर बघायचं, मंग खाली बघायचं, आन् मंगच मुठीला हात लावायचा. बांधताना घाई केली तर एक बार चालंल. सोडताना न्हाई.”

नवऱ्याचं, आबारावांचं, हे सांगणं बायनाबाईच्या कानात पक्कं बसलं होतं. आबाराव ट्रेलरवर ड्रायव्हर. जालन्याच्या कारखान्यातून लोखंड भरायचं आणि कधी नागपूर, कधी हैदराबाद गाठायचं, असा त्यांचा धंदा. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस रस्त्यावरच जायचे. माल आवळायचे जे पट्टे असतात, खाटेच्या नवारीसारखे विणलेले पण तिच्याहून चौपट जाड, एका टोकाला लोखंडी मूठ असलेले, ते त्यांच्या गाडीत ढिगानं पडलेले. मूठ पुढं-मागं केली की आतलं दातेरी चाक खट-खट वाजत पट्टा ओढून घेतं आणि ओढलेलं परत देत नाही. गाडीवाले त्याला रॅचेट म्हणतात. बायनाबाईच्या घरात त्याचं नाव खटक्याचा पट्टा. कड जरा उसवली की असला पट्टा कंपनीच्या फाटकावरच नापास होतो. मग आबाराव तो गुंडाळून घरी आणायचे आणि म्हणायचे, “धा टनाला चालत न्हाई आता. पर आपल्या घरात कुठं धा टन हाय?”

तीर्थपुरीच्या त्या गल्लीत मग एकेक करून पट्ट्यांना काम लागत गेलं. पहिला गेला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला, वाऱ्यात ती डुलायची म्हणून. दुसरा ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीला, कारण तिचा बुडाकडचा जोड उकलला होता. पावसाळ्यात गाद्या-गोधड्यांची चळत घालून वरून पट्टा आवळला की दोन माणसांच्या उंचीचा ढीग पेटीएवढा व्हायचा. लाकडी खाटेचा पाय निखळला तेव्हा आबारावांनी सांध्यात फेविकॉल भरला, चारी बाजूंनी पट्टा फिरवला आणि खाट दोन दिवस तशीच उभी ठेवली. तेव्हापासून ती खाट कधी करकरली नाही. कडब्याच्या पेंढ्या त्याच पट्ट्यानं आवळायच्या, गॅसची टाकी मोटरसायकलला त्याच पट्ट्यानं. लेकीचं, अंजूचं, लग्न झालं तेव्हा तिचं कपाट टेम्पोत असं आवळून धाडलं होतं की सासरच्यांना ते सोडताच येईना, शेवटी नवरी मुलीनंच पुढं होऊन मूठ उलटी केली आणि व्याही म्हणाले, “सून कामाची दिसती.”

सगळ्यात मोठा उपयोग वाळवणाच्या दोरीचा. दोन खांबांत पट्टा ताणला की चार ओल्या गोधड्या टाकल्या तरी वाकायचा नाही. गल्लीतल्या बाया आपल्या गोधड्या घेऊन बायनाबाईच्या अंगणात यायच्या.

फक्त देव्हाऱ्याला पट्टा लागला नाही. देव्हाऱ्याची मागची फळी हलत होती, आणि आबाराव एकदा पट्टा घेऊन तिच्याकडं वळले होते. बायनाबाई तेवढ्यापुरती आडवी आली. “देवाला आवळायचं न्हाई,” एवढंच म्हणाली. तिचं बोलणं मुळातच हळू. पहाटे आंघोळ करून दिवा लावीपर्यंत ती कुणाशी शब्द बोलत नसे, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसे, आणि पहिली भाकरी दारातल्या कुत्र्याला घातल्याशिवाय ताटावर बसत नसे. हे नेम तिला कुणी लावून दिले नव्हते. सासूचं बघून बघून अंगी आले होते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण बायनाबाईच्या हातून दिवा लागायचा तो अजून सासूच्याच रीतीनं.

यंदा अंजू बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या वर्षीचं सातव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून ती हसायची ती तोंडानंच. ह्या खेपेला सात सरले, आठ सरले, तरी घरात कुणी बाळाचं नाव काढत नव्हतं, कुंची शिवत नव्हतं, की पाळणा उतरवत नव्हतं. तपासणीचा दिवस आला की सून वंदना तिला घेऊन जालन्याला जायची. त्या दिवशीही नणंद-भावजय सकाळच्या गाडीनं गेल्या, आणि दुपारी वंदनाचा फोन आला.

“आत्या, डाक्टरीनबाईंनी ठेवून घेतलं. कळा सुरू झाल्यात.”

“आत्ताच? आजून तर दिवस हायत की.”

“हायत, पर बाळाला काय माहीत. तुम्ही घाबरू नका. अंजूच्या सासूबाई बी आल्यात हिथं.”

बायनाबाईनं पिशवीत दोन लुगडी घातली, मऊ जुन्या चिंध्यांचं बोचकं घातलं, शेळ्यांना पाला टाकला. मुलाला, गोरक्षनाथला, फोन लावला. तो बियाणं कंपनीत कामाला होता. तो तिथूनच दवाखान्याकडं निघाला. जालन्याच्या गाडीला अवकाश होता. ती उंबऱ्यात पिशवी घेऊन बसली तोच पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी वंदनाचा आवाज खाली आला होता.

“आत्या, कळा येऊन राह्यल्यात आन् जाऊन राह्यल्यात, पर पोरगी मोकळी होईना. बाळाचे ठोके कमी-जास्त दाखवतंय मशिन. बाई म्हणल्या, थोडा वेळ वाट बघू, न्हाईतर मंग सिझर. मागच्या टायमाचं अंजूच्या मनात बसलंय. रडतीये बिचारी. म्हणती, मायला सांग, गाठी सोड म्हणावं.”

बायनाबाईनं पिशवी खाली ठेवली.

तिची सासू गल्लीतल्या बाळंतपणांना बोलावली जायची. ती सांगायची, बाई अडली की तिच्या आईनं घरातल्या गाठी सोडाव्यात. कुलपं काढावीत, डब्यांची झाकणं उघडावीत, दाव्याची जनावरं मोकळी करावीत. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते. आणि ह्याला एक पुस्ती असायची: “गाठ ज्याच्या घरात हाय त्याची नसती. जिनं घातली तिची असती.” गोरक्षनाथच्या वेळेला सासूनं शेजारच्या बैलाचंही दावं सोडलं होतं, कारण ते तिनं वळून दिलं होतं. बैल गेला तो दोन शिवारं ओलांडून सापडला. कुणी एका शब्दानं बोललं नाही. गाठ सोडायला आलेल्या बाईला गावात कुणी आडवं येत नाही.

बायनाबाईनं आधी स्वतःच्या केसांची गाठ सोडली. पदराच्या टोकाला बांधलेली सुपारी सोडली. ट्रंकेचं कुलूप, कपाटाचं कुलूप, मिठाच्या बरणीचं झाकण, पिठाचा डबा, सगळं उघडं टाकलं. शेळ्यांची दावी सोडली. शेळ्या क्षणभर जागीच उभ्या राहिल्या, मग एकेक करून दैवशालाच्या अंगणाकडं चालू लागल्या.

मग पट्टे. मुठीतला खटका बोटानं दाबून मूठ पार उलटी उघडावी लागते, पार सपाट. तेव्हा आतलं चाक एकदम हात सोडतं. बायनाबाई आधी वर बघायची, मग खाली बघायची, मग पट्टा सोडायची. टाकी भरलेली होती, वारा नव्हता, सुटली. कोठीखाली तिनं चादर अंथरली आणि मग खटका दाबला. ज्वारी सुर्र करून वीतभर सांडली आणि थांबली. गाद्यांचा ढीग सुस्कारा टाकून फुगला. अंगणातली गोधड्यांची दोरी मातीत पडली.

घर मोकळं झालं. पण तिच्या हातच्या घराबाहेरच्या गाठी राहिल्या होत्या.

दैवशाला समोरच राहायची. नवऱ्यासोबत चहाचं हॉटेल चालवायची. तिच्या फ्रीजचं दार बंद राहत नव्हतं म्हणून बायनाबाईनंच त्याला पट्टा घालून दिला होता. दैवशाला आत आलेल्या शेळ्या हाकलत होती.

“काकू, तुमच्या शेळ्या माझा वाळत घातलेला परकर खाऊन राह्यल्यात.”

“सोडल्यात मी. अंजूच्या कळा अडल्यात गं.”

दैवशालानं हातातली काठी टाकली आणि परकराकडं पाहिलंही नाही. स्वतःच पुढं होऊन फ्रीजचा खटका उलटा केला. दार हळूच उघडलं आणि आतलं दह्याचं पातेलं दोघींकडं बघत बसलं. “आंबलं तर आंबलं,” दैवशाला म्हणाली. “अजून कुठं हाय तुमची गाठ?”

“आक्काच्या घरी.”

दैवशाला तिच्यामागं निघाली. आक्काच्या घरची गाठ कुठली ते तिलाही माहीत होतं.

पुष्पाबाईला सगळी गल्ली आक्का म्हणायची. चांगली बागायत असलेलं घर. मोसंबीचा बाग पोरगा बघायचा, पण तो शेतातच घर बांधून राहिला होता. गावातल्या घरात आक्का आणि त्यांचे मालक रखमाजी, दोघंच. रखमाजीला लकव्यानं उजवी बाजू गेली होती. ओसरीवर खाट, उशाशी पाण्याचा तांब्या, समोर रस्ता. आल्या-गेल्याला ते डावा हात उचलायचे. पोरगा शेतात न्यायला आला तर खाटेची माच, तिची लाकडी चौकट, डाव्या हातानं घट्ट धरायचे. रस्ता नाही तिथं त्यांना जायचं नव्हतं.

त्या ओसरीच्या पत्र्याचा सगळा भार एका लाकडी आड्यावर होता. दोन वर्षांमागं वावटळीत ते आडं मधोमध उभं चिरलं. आबाराव त्या दिवशी घरी होते. त्यांनी चिरलेल्या जागेला दोन्हीकडून सागाच्या फळ्या लावल्या, मोडक्या पायाला लावतात तशा, आणि वरून खटक्याचा पट्टा फिरवला. मूठ मात्र बायनाबाईनं ओढली, कारण आबाराव शिडीवर दोन्ही हातांनी फळ्या धरून होते. “हे दोन महिन्याचं काम हाय, आक्का,” आबाराव म्हणाले होते. “पुढच्या खेपेला आड्याखाली लोखंडी चॅनल टाकून देतो.” पुढच्या कितीक खेपा झाल्या. चॅनल आलंही होतं. जुन्या ट्रेलरचं काढलेलं, बायनाबाईच्या गोठ्यामागं पडून होतं. पट्टा इतका चांगला बसला होता की कुणाला घाई वाटली नाही.

आक्का सुपात तूर घेऊन खाटेशेजारी बसल्या होत्या. केस मोकळे सोडलेली बायनाबाई दिसली तरी त्यांनी सवयीनं टोमणा मारलाच.

“आली का ट्रकवाली? आज काय आवळायचं राहिलं गावात?”

“आवळायचं न्हाई आक्का. सोडून राह्यलेय.”

आक्कांनी वर पाहिलं. मोकळे केस नीट पाहिले. सूप बाजूला ठेवलं. “अंजू?”

“व्हय.”

पुढं काही विचारायची गरज नव्हती. आक्का उठल्या, आत गेल्या. कुलपांचे, कड्यांचे, डब्यांच्या झाकणांचे आवाज एकामागून एक आले. परत आल्या तेव्हा त्यांचेही पांढरे केस पाठीवर होते. त्यांनी आड्याकडं बोट केलं.

“आन् त्यो?”

“त्यो राहू द्या.”

“राहू द्या कसं? तुझ्या हातची गाठ हाय ती.”

“आक्का, खाली खाटेवर मामा हायत.”

“मामाला उचलू. दैवशाला, ये गं, धर खाटेला.” दैवशाला मागं येऊन उभी होती. दोघींनी खाट रखमाजींसकट सरकवत अंगणात, लिंबाखाली नेली. रखमाजींना बोलायला वेळ लागायचा. ते डाव्या हातानं खाटेची माच धरून होते, तोंड उघडत होते. शब्द आला तेव्हा सगळ्यांनी ऐकला. “सोड.” मग जरा थांबून, “पोरगी... आधी.”

“ऐकलं?” आक्का म्हणाल्या. “मालकांनी सांगितलं. आता काय राहिलं?”

“पत्रे खाली येतील आक्का. ओसरी गेली की आतल्या खोलीचा पत्रा बी ह्याच्यावरच टेकलाय.”

“पत्र्याला काय, पत्रे बाजारात मिळतात. पोरगी मिळती का? बायने, मला उद्या तोंड दाखवायची सोय ठेव. गाव म्हणंल, आक्काच्या घरात गाठ राहिली आन् लेकीला नडली.”

“मी न्हाई म्हणणार.”

“तू न्हाई म्हणणार. तुझ्या मनात येईल की.”

 बायनाबाईच्या मनात आत्ताही येत होतंच. मागच्या वर्षी अंजूच्या सासरी हे घडलं तेव्हा तिथं कुणी काय सोडलं, काय बांधलेलं राहिलं, हे तिनं रात्र रात्र आठवून पाहिलं होतं. ह्या खेपेला सगळं आपल्या हातात आहे, एकही गाठ ठेवायची नाही, असं उंबऱ्यात पिशवी खाली ठेवतानाच तिनं ठरवलं होतं. आणि आता एवढी एकच उरली होती.

आक्कांनी आतून चौरंग आणून आड्याखाली ठेवला. “चढ,” म्हणाल्या.

बायनाबाई चढली. पट्ट्यावर दोन वर्षांची धूळ बसली होती, मुठीच्या सांध्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. तिनं ते बोटानं काढलं. मूठ हाताला थंड लागली. ती वर बघू लागली. फळ्यांच्या टोकापलीकडं, पट्ट्याबाहेर, चीर दिसत होती. आबारावांनी बांधली तेव्हा ती बोटाएवढी होती, आता तिच्यात तळहात जाईल इतकी उघडली होती. म्हणजे पट्टा नुसता बसला नव्हता. तो रोज धरून होता.

मग तिनं खाली पाहिलं.

चौरंग डुगडुगू नये म्हणून आक्का दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून खाली बसल्या होत्या. मान वर करून तिच्याकडंच बघत होत्या. पांढरे मोकळे केस दोन्ही बाजूंना. बरोबर आड्याखाली.

“आक्का, तुम्ही बाहेर व्हा.”

“मंग चौरंग कोण धरील? पडशील. कर जल्दी.”

बायनाबाईचा हात मुठीवर होता. दवाखान्यात अंजू कशी असेल ते तिला दिसत होतं, वंदनाचा खाली आलेला आवाज कानात होता. खटका दाबायला बोटाचं काम. ती बोटं आवळत होती आणि सोडत होती. माझी लेक मोकळी व्हावी म्हणून दुसरीच्या डोक्यावरचं मी कसं मोकळं करू, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सासूच्या सांगण्यातही ते नव्हतं. सासूनं सोडला तो बैल होता. बैल हिंडून परत येतो.

तिनं मुठीवरचा हात काढला आणि घरच्या देव्हाऱ्यातल्या नाथाला दोन्ही हात जोडले. बोलली ती ओठांत, पण तिथं इतकी शांतता होती की आक्कांना ऐकू गेलं असेल तर गेलं असेल. “नाथा, ही एक गाठ मी आज सोडीत न्हाई. माझ्या लेकीला हिच्यापायी अडवू नको. पोर सुखरूप सुटली की ही गाठ मी माझ्या हातानं सोडीन, वर दुसरा आधार देऊन सोडीन. तवर माझ्या जिभेला गोड न्हाई.”

ती चौरंगावरून उतरली.

“सोडलं न्हाईस,” आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

“न्हाई.”

“मनात आलं तर?”

“आलं तर ते माझं, आक्का. तुमच्या दारात आणून टाकणार न्हाई.”

दैवशालाच्या नवऱ्यानं बायनाबाईला मोटरसायकलवर फाट्यावर सोडलं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कपाशीची रानं मागं पडत होती, तिचे केस अजून मोकळेच होते. शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा तिच्याकडं पाहिलं आणि नंतर काही न विचारता पिशवी आपल्या मांडीवर घेतली. जालना जवळ आलं, कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा फोन वाजला. बायनाबाईनं तो लगेच उचलला नाही. आधी डोळे मिटले. मग उचलला.

“आत्या,” वंदना म्हणाली, “सिझर करावं लागलं. पोरगी झाली. दोघी बराबर हायत. अंजूनं डोळे उघडलेत. पैल्यांदा तुम्हालाच विचारलं.”

“काय विचारलं?”

“माय निघाली का, म्हणून.”

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. शेजारची बाई म्हणाली, “सुटली का?” आणि तिनं मान हलवली.

दवाखान्यात अंजू पांढऱ्या चादरीत पडून होती, ओठ सुकलेले. पाळण्यातली पोर मूठभर, लाल, आणि भलतीच रागावलेली. अंजूनं विचारलं, “सगळ्या सोडल्यास?” बायनाबाईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. लेकीशी खोटं बोलायचं नव्हतं आणि त्या घडीला खरंही सांगायचं नव्हतं. “एक राहिली,” ती म्हणाली. “तिची बोली केलीये मी.” अंजूला ते पुरलं. ती लगेच झोपली.

बारशाचे पेढे गल्लीत वाटायला बायनाबाईच गेली. दैवशालानं दोन घेतले, शेळ्यांनी खाल्लेल्या परकराचा एक आणि पोरीचा एक असं म्हणाली. आक्कांनी पेढा मोडून आधी रखमाजींच्या तोंडात घातला. खाट परत ओसरीवर, आपल्या जागी आली होती.

“बघ,” आक्का म्हणाल्या, “तुझा पट्टा आवळलेला राहिला आन् पोरगी सुटली. मी उगाच जीव टाकला त्या दिवशी. घे, तू बी खा.”

“खाल्लाय.”

“कधी? दवाखान्यातून आल्यापासून बघून राह्यलेय मी. बारशाचा चहा झाला तर त्यात बी साखर न्हाई तुझ्या.”

“आता साखर सोसत न्हाई मला.”

आक्कांनी पुढं केलेला पेढा परत डब्यात ठेवला. त्या दिवशी चौरंगावरचं तिचं बोलणं ऐकू आलं होतं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

आबाराव आले ते बारसं झाल्यावर, हैदराबादची खेप करून. नात मांडीवर घेऊन बसले. मोठ्या खरबरीत हातांना ती इतकी लहान होती की त्यांनी बोटं हलवली नाहीत. संध्याकाळी बायनाबाईनं त्यांना सगळं सांगितलं. पट्टा, चौरंग, आक्का, सगळं.

“बरं केलंस न्हाई सोडलास,” आबाराव म्हणाले. “वरची चीर उघडली असंल तर पट्टा सुटताक्षणी आडं फाटकन बसलं असतं. तू बी गेली असतीस आन् आक्का बी.”

“मंग आता चॅनल बसवा.”

“बसवू की. उद्या पहाटं मला नागपूरची खेप हाय. आलो की बसवू.”

“दोन वर्षं झाली, आलो की बसवू.”

“अगं, मंग आता तर पट्टा धरून हायच ना? पोरगी सुटली, नात हातात हाय, बात खतम. नवस काय पळून चाललाय?”

“सुटली म्हणूनच तर,” बायनाबाई म्हणाली. “न्हाई सुटली असती तर देवानं माझ्याकडं मागितलं नसतं.”

आबाराव हसले. नातीच्या तोंडाकडं बघत बसले. पहाटे ते निघाले तेव्हा बायनाबाईनं दारात त्यांना दही-साखर दिली. स्वतः नुसतं दही घेतलं.

उजाडल्यावर तिनं दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, कुत्र्याला भाकरी घातली. अंजूच्या अंगाला तेल लावायचं काम वंदनाकडं दिलं. मग गोठ्यामागं जाऊन चॅनलवरची गवताची पेंढी बाजूला केली, त्याच्यावरून हात फिरवला. गंज वरवरचा होता. आतून लोखंड चांगलं होतं. उशीर न लावता तिनं एक मोकळा पट्टा घेतला, तो चॅनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरला आणि जिथं संपलं तिथं चुन्याची खूण केली. तोच पट्टा घेऊन ती आक्काच्या ओसरीवर गेली. चौरंग आणला. भिंतीपासून भिंतीपर्यंत माप धरलं. चॅनल हातभर लांब भरत होतं; कापायला लागणार होतं.

रखमाजी खाटेवरून बघत होते. आक्का आत चूल पेटवत होत्या.

“काय चाललंय सकाळच्या पारी?” आतूनच आवाज आला.

“काही न्हाई आक्का. माप घेतलं.”

“कशाचं?”

बायनाबाईनं पट्ट्यावर दुसरी खूण केली, पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि चौरंग परत आत नेऊन जागेवर लावला. बसस्टँडच्या कोपऱ्यावर धर्मराज वेल्डरचं दुकान होतं. तो सकाळी दुकान उघडतो आणि नंतर कामावर कुठं निघून जातो ते सांगता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं पदर खोचला.

“अगं, चहा ठेवलाय,” आक्का म्हणाल्या. “बिनसाखरेचा.”

“आल्यावर घेते,” बायनाबाई म्हणाली, आणि पायात चपला घालून, रखमाजींच्या उचललेल्या डाव्या हाताला मान लववून, रस्त्याला लागली.